स्फटिकजन्य संधिरोग आणि वातरक्त : औषधयोजनेतील दोन कामे

पौष-माघाच्या सुमारास खालापूर आणि कर्जत तालुक्यांतील भाताची खाचरे मोकळी झालेली असतात आणि मागे राहिलेल्या ओलाव्यावर घेतलेला वाल शेंगांनी भरतो. मग बांधाबांधावर पोपटी लागते. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, ओवा, मीठ, अंडी, मसाला लावलेली कोंबडी. तोंड पाल्याने बंद करून मडके उपडे ठेवायचे आणि भोवती पालापाचोळा पेटवायचा. या जेवणाला हल्ली बिअरची जोड असते. रसायनी परिसरात व्यवसाय करणाऱ्या आम्हांला पोपटीचा हंगाम आणखी एका कारणाने ठाऊक आहे. त्या दिवसांत सकाळी दवाखाना उघडण्यापूर्वीच एखादा चाळिशीचा गृहस्थ एका पायात चप्पल घालून आणि दुसरा पाय अलगद टेकवून बाकावर बसलेला दिसतो. अंगठ्याचे मूळ लाल, तकतकीत, सुजलेले. रात्री दोन-तीनच्या सुमारास जाग आली, पांघरुणाचा स्पर्शही सहन होईना, असे तो सांगतो. आषाढात गटारीच्या दुसऱ्या दिवशीही हेच दृश्य दिसते.

अशा रुग्णाच्या पिशवीत मागच्या दोन-तीन वर्षांचे कागद असतात. एका चिठ्ठीवर आमवात, दुसरीवर संधिवात, तिसरीवर लचक. दर वेळी वेदनाशामक गोळ्या, पाच-सहा दिवसांत आराम, आणि पुढे काही महिने काहीही नाही. ही शेवटची गोष्ट रुग्णाला फसवते आणि वैद्यालाही. वेदना थांबली म्हणजे रोग थांबला असा समज होतो. सांध्यात स्फटिक मात्र साचतच राहतात. या व्याधीत औषधाला दोन निरनिराळी कामे करावयाची असतात. उठलेला वेग शमवणे हे पहिले आणि आतला साठा रिकामा करणे हे दुसरे. पहिले काम करणारे औषध दुसरे काम करीत नाही. आपल्या व्यवसायात आणि आधुनिक चिकित्सकांच्याही व्यवसायात होणाऱ्या बऱ्याच चुका ही दोन कामे एकच मानल्यामुळे होतात. त्यांतील एक चूक आमच्या हातून झाली आहे. ती पुढे सांगणार आहोत.

स्फटिकजन्य संधिरोगांत मुख्यतः दोन व्याधी येतात. सोडियम युरेटच्या स्फटिकांमुळे होणारा तो गाऊट, आणि कॅल्शियम पायरोफॉस्फेटच्या स्फटिकांमुळे होणारा तो दुसरा, ज्याला पूर्वी 'खोटा गाऊट' म्हणत. लीवेनहुक यांनी १६७९ मध्ये गाऊटच्या गाठीतील द्रव्य सूक्ष्मदर्शकाखाली पाहून त्यातील सुईसारख्या कणांचे वर्णन केले. शेले यांनी १७७६ मध्ये मूतखड्यातून यूरिक आम्ल वेगळे केले आणि १८४८ मध्ये गॅरड यांनी गाऊटच्या रुग्णाच्या रक्तात ते वाढलेले असल्याचे दाखवले. पायरोफॉस्फेटचे स्फटिक मात्र १९६० नंतरच मॅकार्टी व त्यांच्या सहकाऱ्यांच्या कामामुळे ओळखू येऊ लागले. शरीराच्या तापमानाला रक्तातील यूरिक आम्ल दर डेसिलिटरला सुमारे ६.८ मिलिग्रॅमच्या वर गेले की ते विरघळलेल्या स्थितीत राहू शकत नाही. हा आकडा सर्व चिकित्सेचा पाया आहे, कारण पातळी दीर्घकाळ याखाली राहिली तर साचलेले स्फटिक हळूहळू विरघळतात.

वातरक्त म्हणजेच गाऊट असे समीकरण पाठ्यपुस्तकांतून रूढ झाले आहे. आम्हांला ते पूर्णपणे मान्य नाही. वातरक्ताची व्याप्ती मोठी आहे. हातपायांच्या रक्तवाहिन्यांचे आणि त्वचेचे काही विकारही त्या वर्णनात बसतात. परंतु गाऊटचा रुग्ण वातरक्ताच्या लक्षणांत बसतो, हे नाकारता येत नाही. पायापासून सुरुवात, नंतर हात, आणि पुढे उंदराच्या विषाप्रमाणे हळूहळू सर्व शरीरात प्रसार. सुकुमार, सुखवस्तू, मिष्टान्नप्रिय माणसाला होणारा म्हणून 'आढ्यरोग' हे नाव. उत्तान आणि गंभीर अशा दोन अवस्था. हे सारे चित्र ओळखीचे आहे.

चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील २९व्या अध्यायातली हेतूंची यादी रसायनीत बसून वाचली की आपल्याच गावाची दिनचर्या वाचल्यासारखे वाटते. सुकवलेले आणि जलचरांचे मांस, कुळीथ, उडीद, निष्पाव, दही, कांजी, सुरा, आसव, विरुद्धाशन, दिवसाची झोप, रात्रीचे जागरण. निष्पाव म्हणजे आपला वाल. सुकवलेले जलचर म्हणजे पावसाळ्यात घराघरांत शिजणारे सुकट, सोडे, सुके बोंबील. रात्रिजागरण आणि दिवास्वाप हे तर पाताळगंगा औद्योगिक क्षेत्रातील तीन पाळ्यांच्या कामगारांना चुकवताच येत नाहीत. (गावाच्या नावात रसायन आहे ते आपल्या अष्टांगांतले नव्हे, हे सांगावयास नको.)

तरीही ही यादी जशीच्या तशी रुग्णाच्या हाती देणे योग्य नाही. अमेरिकेत ४७ हजारांहून अधिक पुरुषांच्या आहाराचा १२ वर्षे मागोवा घेणारा अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. मांस आणि मासळी अधिक खाणाऱ्यांत गाऊट अधिक आढळला. प्युरिनयुक्त भाज्या व कडधान्ये खाणाऱ्यांत तो वाढलेला आढळला नाही. दूधदुभते घेणाऱ्यांत, विशेषतः स्निग्धांश काढलेले घेणाऱ्यांत, तो कमी होता. त्याच समूहात बिअरचा दोष सर्वांत मोठा, त्याखालोखाल कडक मद्याचा. म्हणजे सुकट आणि सुरा यांच्याबाबत संहिता व हा अभ्यास एका बाजूला उभे आहेत. वाल आणि दही यांच्याबाबत नाहीत. दह्याचा अभिष्यंदी गुण, ते रात्री खाण्याची सवय, त्यातील स्निग्धांश, अशी उत्तरे देता येतील आणि आम्हीही ती देत आलो आहोत. पण आकडे आपल्या बाजूचे नसताना केवळ शब्दांच्या बळावर रुग्णाचे वरण आणि वालाचे बिरडे बंद करणे आम्ही सोडून दिले आहे. गरीब घरात प्रथिनांचा तोच आधार असतो. बिअर, मटण, कलेजी, सुकी मासळी आणि गोड शीतपेये यांवर मात्र आम्ही ठाम असतो. दूध तर चरकाचार्यांनीच वातरक्तात वापरले आहे.

निदानाबाबत थोडेच सांगतो, पण ते महत्त्वाचे आहे. ऐन वेगात यूरिक आम्लाची पातळी प्राकृत येऊ शकते. त्यामुळे '६.१ आले, म्हणजे गाऊट नाही' असे म्हणून मोकळे होऊ नये. वेग शमल्यावर दोन-तीन आठवड्यांनी तपासणी पुन्हा करावी. उलट, सांधेदुखी नसताना केवळ पातळी वाढलेली असणे म्हणजे गाऊट नव्हे, आणि तेवढ्यासाठी जन्मभराच्या गोळ्या सुरू करणेही योग्य नाही. खात्रीचे निदान सांध्यातील द्रव काढून ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यानेच होते. ही सोय पनवेल-नवी मुंबईकडे मिळते, आमच्याकडे नाही. परंतु ताप असलेल्या, मधुमेही किंवा वृद्ध रुग्णाचा एकच सांधा लाल आणि तप्त झाला असेल, तर सांध्यात पू झालेला नाही याची खात्री होईपर्यंत त्याला दवाखान्यात ठेवून लेप लावत बसू नये. त्याच दिवशी त्याला रुग्णालयात पाठवावे.

पहिले काम : वेग शमवणे

वेगाच्या वेळी आपल्याकडे होणारी पहिली चूक म्हणजे शेक. सांधा दुखतो म्हणून गरम महानारायण तेल चोळायचे आणि वर वाळूची पुरचुंडी. रक्त आणि पित्त यांनी पेटलेल्या सांध्याला उष्ण उपचार वर्ज्य आहेत हे आपण सगळे शिकलेलो आहोत, तरी दवाखान्याच्या गर्दीत विसरतो. शतधौत घृत, पिंड तैल, दुधाचा किंवा यष्टिमधु-सिद्ध जलाचा थंड परिषेक आणि पायाला पूर्ण विश्रांती, एवढ्याने पहिल्याच रात्री रुग्णाला झोप लागल्याचा आमचा अनुभव आहे. आधुनिक शास्त्रही गाऊटच्या सांध्याला बर्फ लावावयास सांगते. येथे दोन्ही मते जुळतात.

पोटातून गुडूची क्वाथ आणि कैशोर गुग्गुळ हा आमचा नेहमीचा योग आहे. सौम्य वेगात, लवकर आलेल्या तरुण रुग्णात आम्ही तेवढ्यावर भागवतो. तीव्र वेगात मात्र रुग्णाला तीन दिवस तळमळत ठेवून औषधाची परीक्षा पाहणे आम्हांला मान्य नाही. आधुनिक औषधांत तीन पर्याय आहेत: नॅप्रोक्सेनसारखी वेदनाशामके, कोल्चिसिन, आणि थोड्या दिवसांसाठी प्रेडनिसोलोन. कोणता निवडायचा हे रुग्णाच्या मूत्रपिंडावर, जठरावर आणि रक्तशर्करेवर ठरते. मूत्रपिंड दुबळे किंवा जठरात व्रण असेल तर वेदनाशामके नकोत. मधुमेह अनियंत्रित असेल तर प्रेडनिसोलोन जपून. ज्या वैद्यांना ही औषधे लिहिण्याचे प्रशिक्षण व अधिकार आहेत त्यांनी नियमांच्या मर्यादेत ती लिहावीत, इतरांनी रुग्णाला योग्य ठिकाणी पाठवावे.

कोल्चिसिनविषयी थोडे सविस्तर लिहिणे आवश्यक वाटते, कारण हे औषध वनस्पतिजन्य आहे आणि त्याची एक वनस्पती आपल्या दारात फुलते. श्रावणात कर्जत-खालापूरच्या डोंगरउतारांवर झुडपांवर चढलेली, ज्वाळेसारखी तांबडी-पिवळी फुले दिसतात. ती कळलावी, आपली लांगली. रसशास्त्राने तिची गणना उपविषांत केली आणि गोमूत्रात शोधन सांगितले. तिच्या कंदात आणि बियांत कोल्चिसिन असते. तमिळनाडूत बियांसाठी तिची मोठ्या प्रमाणावर शेती होते. युरोपातील कोल्चिकम वनस्पतीतून पेलेतिये आणि काव्हांतू यांनी १८२० मध्ये हे क्षारीय तत्त्व वेगळे केले. यावरून काही उत्साही मंडळी असा निष्कर्ष काढतात की, कोल्चिसिनची गोळी चालते तर कळलावीचे चूर्ण का नको? उत्तर सोपे आहे. कोल्चिसिनची उपचारक मात्रा आणि विषारी मात्रा यांतील अंतर फार थोडे आहे. कंदातील प्रमाण जागेनुसार व ऋतूनुसार बदलते, आणि विषबाधा झाल्यास तिच्यावर हमखास उतारा नाही. खाण्याजोगा कंद समजून कळलावी शिजवून खाल्ल्याने दक्षिण भारतात आणि श्रीलंकेत माणसे दगावल्याच्या नोंदी आहेत. हीच गोष्ट बाजारात मिळणाऱ्या सुरंजानची. युनानी परंपरेतील हे द्रव्य कोल्चिकमच्याच जातीचे कंद होत. रुग्ण एकीकडे डॉक्टरांची कोल्चिसिनची गोळी घेतो आणि दुसरीकडे दुकानातून 'सांधेदुखीची जडीबुटी' म्हणून सुरंजानचे चूर्ण नेतो, तेव्हा तो नकळत दुप्पट मात्रा घेत असतो. औषधालयाच्या मालकांनी सुरंजान देताना ग्राहकाला एक प्रश्न विचारला तरी पुरे.

गोळीची मात्राही आता पूर्वीसारखी राहिलेली नाही. जुलाब होईपर्यंत दर तासाला गोळी, ही जुनी पद्धत कित्येकांच्या अजून हातात आहे. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत एका तासात विभागून दिलेली अल्प मात्रा मोठ्या मात्रेइतकीच उपयुक्त ठरली आणि जुलाब-उलट्यांचा त्रास बराच कमी झाला. आपल्याकडील अर्ध्या मिलिग्रॅमच्या गोळीच्या हिशेबाने वेग सुरू झाल्यापासून शक्यतो १२ तासांच्या आत दोन गोळ्या आणि तासाभराने एक, एवढेच पहिल्या दिवशी. मूत्रपिंडाचा विकार असल्यास याहूनही कमी, आणि क्लॅरिथ्रोमायसिनसारखे प्रतिजैविक सुरू असल्यास देऊच नये. याच वेळी आपल्याकडून विरेचन दिले जाऊ नये, हे आम्ही मुद्दाम सांगतो. क्षीरासह एरंडस्नेहाचे मृदु विरेचन वातरक्तात सांगितलेले आहे आणि आम्ही ते वेग शमल्यावर देतो. पण कोल्चिसिनचे जुलाब आणि त्यावर एरंडेल अशी स्थिती झाली तर शरीरातील पाणी घटते, मूत्रपिंडावर ताण येतो आणि यूरिक आम्ल आणखी चढते.

जलौकावचरणाने स्थानिक दाह लवकर उतरतो हे खरे आहे. मात्र रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्या रुग्णात आम्ही ते करीत नाही, आणि अधिक रक्त गेल्यास वात भडकतो हा संहितेचा इशारा आहेच.

दुसरे काम : साठा रिकामा करणे

आता आमच्या चुकीविषयी. काही वर्षांपूर्वी येथल्याच एका कारखान्यातून निवृत्त झालेले गृहस्थ आमच्याकडे आले. अंगठ्याचे वारंवार येणारे वेग, कोपरावर बोराएवढी गाठ. तीन वर्षांपासून ते रोज ३०० मिलिग्रॅम अलोप्युरिनॉल घेत होते. त्या काळात एकही वेग आला नव्हता, यूरिक आम्ल ५.६ होते. त्यांची तक्रार दुखण्याची नव्हती. "डॉक्टर, ह्या गोळ्या जन्मभर घ्यायच्या का?" एवढाच त्यांचा प्रश्न होता. त्या प्रश्नाने आम्ही सुखावलो. आपले शास्त्र रोग मुळापासून काढते, ते शास्त्र तो नुसता दाबते, हे वाक्य आम्ही तोपर्यंत शेकडो वेळा उच्चारले होते, ते पुन्हा उच्चारले. गोळी बंद केली. मृदु विरेचन, कैशोर गुग्गुळ, गुडूची क्वाथ आणि पथ्य सुरू झाले.

चार महिने, सहा महिने, काहीही झाले नाही. याचे श्रेय आम्ही आमच्या औषधाला दिले आणि ओळखीच्या वैद्यांना हा रुग्ण उदाहरण म्हणून सांगितला. त्या काळात यूरिक आम्ल एकदाही तपासले नाही, कारण रुग्णाला त्रास नव्हता. नवव्या महिन्यात एका रात्री दोन्ही घोटे आणि एक गुडघा एकदम धरला. आमचा दवाखाना बंद होता. घरच्यांनी दुकानातून डायक्लोफेनॅकच्या गोळ्या आणल्या आणि त्या दहा दिवस चालू ठेवल्या. आमच्याकडे आले तेव्हा यूरिक आम्ल ९.४ आणि क्रिएटिनिन १.८ होते, पूर्वीच्या कागदावर ते १.२ होते. गेल्या तीन वर्षांत जो साठा ओसरत आला होता तो आम्ही नऊ महिन्यांत पुन्हा भरू दिला. त्यांनी आम्हांला एका शब्दाने दोष दिला नाही. तसा तो दिला असता तर आम्हांला सोपे गेले असते.

त्यानंतर आम्ही सुश्रुतसंहितेतील याप्य व्याधींचा विचार पुन्हा वाचला. एक वर्षाहून जुने वातरक्त याप्य, असे तेथे स्पष्ट म्हटले आहे. पडू पाहणाऱ्या घराला नीट लावलेला टेकू जसा धरून ठेवतो, तशी योग्य चिकित्सा याप्य रुग्णाला धरून ठेवते, हा दृष्टांतही त्याच संहितेतला. आम्ही टेकू काढून घेतला होता. घर काही काळ उभे राहिले, एवढ्यावरून ते दुरुस्त झाले असे आम्ही मानले. याप्य म्हणजे असाध्य नव्हे, आणि साध्यही नव्हे. जन्मभर औषध लागणे हा त्या औषधाचा कमीपणा आहे, असे आपल्या मनात कोठेतरी बसले आहे. ते संहितेने बसवलेले नाही.

अलोप्युरिनॉल हे दाबणारे औषध नव्हे. हिचिंग्ज आणि एलियन यांच्या प्रयोगशाळेतून आलेले हे औषध १९६६ पासून गाऊटसाठी वापरात आहे. या दोघांना १९८८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. यूरिक आम्ल तयार करणाऱ्या झँथिन ऑक्सिडेज या विकराला ते अडवते, म्हणजे हेतूच्या जवळ जाऊन काम करते. वेदना दाबणारी डायक्लोफेनॅकची गोळी आणि हे औषध यांना एका पंक्तीत बसवणे हा अन्याय आहे. वर्षातून दोन किंवा अधिक वेग येत असतील, त्वचेखाली गाठी असतील, क्ष-किरणात अस्थींची झीज दिसत असेल, किंवा गाऊटबरोबर मूतखडा वा मूत्रपिंडाचा विकार असेल, तर ते द्यावे याविषयी दुमत नाही. सुरुवात १०० मिलिग्रॅमने, मूत्रपिंड दुबळे असल्यास ५० ने; नंतर काही आठवड्यांच्या अंतराने तपासणी करून मात्रा वाढवत न्यावी. लक्ष्य ६ च्या खाली, गाठी असल्यास ५ च्या खाली. सर्वांना १०० मिलिग्रॅमवर कायम ठेवणे ही दुसऱ्या टोकाची चूक आहे. त्याने गोळीही चालू राहते आणि रोगही.

दोन गोष्टी रुग्णाला आधीच सांगाव्या लागतात. साठा विरघळू लागला की पहिल्या काही महिन्यांत वेग वाढू शकतात. हे न सांगितल्यास रुग्ण म्हणतो, गोळीने आजार वाढवला, आणि तो आपल्याकडे येतो. आपणही त्याला दुजोरा देतो. यासाठीच आरंभीचे ३ ते ६ महिने कोल्चिसिनची अल्प मात्रा सोबत देतात. दुसरे, अंगावर पुरळ उठल्यास गोळी त्याच क्षणी थांबवून डॉक्टरांना दाखवावे. अलोप्युरिनॉलची त्वचेवरील प्रतिक्रिया क्वचित होते, पण झाल्यास जीवघेणी ठरू शकते. ॲझाथायोप्रिन घेणाऱ्याला हे औषध देऊ नये. फेबुक्सोस्टॅट हा दुसरा पर्याय आहे. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत हृद्रोगी रुग्णांत त्यावर मृत्यूंचे प्रमाण अलोप्युरिनॉलपेक्षा अधिक आढळले आणि २०१९ मध्ये अमेरिकेने त्यावर ठळक इशारा छापावयास लावला. २०२० च्या युरोपीय चाचणीत तसे आढळले नाही. हृद्रोगी रुग्णात आम्ही तरी अलोप्युरिनॉललाच प्रथम स्थान देण्याच्या मताचे आहोत.

आमच्यासारख्या लहान गावातील वैद्यांना आशा वाटावी अशी एक गोष्ट इंग्लंडमधील नॉटिंगहॅम येथून आली. तेथे ५०० हून अधिक रुग्णांपैकी निम्म्यांना प्रशिक्षित परिचारिकांनी सांभाळले, बाकीच्यांना नेहमीच्या डॉक्टरांनी. परिचारिकांनी केले ते एवढेच: रोग समजावून सांगितला, शंका ऐकल्या, आणि लक्ष्य गाठेपर्यंत तपासण्या करीत मात्रा वाढवली. २०१८ मध्ये आलेल्या निष्कर्षांत दोन वर्षांनंतर परिचारिकांकडील ९५ टक्के रुग्ण लक्ष्याखाली होते, इतरांकडील ३० टक्के. औषधे दोन्हीकडे तीच होती. रुग्णाशी बोलण्यासाठी आपल्याकडे जेवढा वेळ असतो तेवढा शहरातील मोठ्या रुग्णालयात कोणाकडेही नसतो.

मग आपल्या औषधांचे स्थान कोणते? आम्ही ते लहान मानत नाही. तिक्तक्षीर बस्ती, गुडूची, निदानपरिवर्जन, वजन उतरवणे, पाळीच्या कामगाराला झोपेची आणि पाण्याची शिस्त लावणे, यांनी वेगांची संख्या कमी होते हे आम्ही पाहिले आहे. बस्तीसारखी दुसरी चिकित्सा वातरक्तात नाही, हे चरकाचार्यांचे मत गुडघ्या-घोट्यांच्या जुन्या दुखण्यात आम्हांला पटलेले आहे. नुकताच सुरू झालेला, गाठी नसलेला, पातळी ७ च्या आसपास असलेला रुग्ण आम्ही सहा महिने आपल्या चिकित्सेवर ठेवतो. पण दर दोन महिन्यांनी रक्त तपासतो, आणि पातळी उतरली नाही तर हट्ट धरत नाही. गुडूची साठा रिकामा करते असे म्हणण्याइतका पुरावा आज आपल्या हाती नाही. तो गोळा करावयाचा असेल तर आपल्या दवाखान्यांतील नोंदवह्यांपासूनच सुरुवात करावी लागेल.

कॅल्शियम पायरोफॉस्फेटच्या व्याधीत हे दुसरे कामच करता येत नाही, कारण ते स्फटिक विरघळवणारे औषध अद्याप कोणत्याच शास्त्राकडे नाही. साठीपुढील व्यक्तीचा गुडघा किंवा मनगट अचानक धरले आणि क्ष-किरणात कूर्चेत पांढरी रेघ दिसली तर हा विचार मनात आणावा. अशा एका वृद्धेला केवळ 'गाऊटसारखे' दिसते म्हणून दोन वर्षे अलोप्युरिनॉल दिले गेल्याचे आम्ही पाहिले आहे. तिचे यूरिक आम्ल कधीच वाढलेले नव्हते. येथे सांध्यातील द्रव काढणे, अल्पमात्रेत कोल्चिसिन किंवा थोडे दिवस प्रेडनिसोलोन, आणि आपल्याकडून वातशामक स्नेहन, बस्ती, एवढीच चिकित्सा आहे.

औषधालयाच्या फळीवर

औषधालयाच्या मालकांशी आमचे काही बोलणे आहे. गाऊटच्या रुग्णाला पहिला सल्ला बहुधा त्यांच्याकडूनच मिळतो. डायक्लोफेनॅक मागणारा ग्राहक वर्षातून तिसऱ्यांदा आला, तर त्याला रक्ततपासणीचे सुचवावे. रक्तदाबासाठी हायड्रोक्लोरोथायझाइड घेणाऱ्याचे यूरिक आम्ल त्या गोळीनेच वाढलेले असू शकते. डॉक्टरांच्या लक्षात आणून दिल्यास ती बदलता येते. हृदयासाठी घेतलेली ॲस्पिरिनची लहान गोळी मात्र परस्पर बंद करावयास सांगू नये.

आपल्या फळीवरही पाहावे. आसव-अरिष्टांत स्वयंजनित मद्यांश असतो, आणि आसव तर हेतूंच्या यादीतच आहेत; वातरक्ताच्या रुग्णाला महिनोन्‌महिने दशमूलारिष्टापेक्षा क्वाथ बरा. शिसे मूत्रपिंडातून होणारे यूरिक आम्लाचे उत्सर्जन कमी करते. गॅरड यांच्या गाऊटच्या रुग्णांत रंगारी आणि नळकारागीर मोठ्या संख्येने होते ते यामुळेच. नागभस्म असलेले योग या रुग्णांत आम्ही वापरत नाही. गुग्गुळाने डिल्टियाझेम आणि प्रोप्रॅनोलोल यांचे शोषण घटते हे १९९४ मध्येच दाखवले गेले आहे. गुळवेलीबाबतही सावध असावे. २०२१ मध्ये मुंबईतून गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद प्रसिद्ध झाली. गुळवेलीशी साम्य असणाऱ्या दुसऱ्या जातीच्या वेलीचा गोंधळ होतो, असे आयुष मंत्रालयाने त्यावर म्हटले. दोन्ही बाजूंनी बरेच लिहिले गेले. पण ओळख पटलेली, ताजी, स्थानिक गुळवेल विकत घेणे आपल्या हातात आहे. आंब्यावर आणि कडुनिंबावर चढलेली वेल आपल्याच डोंगरात आहे आणि ती अचूक ओळखणारे कातकरी, ठाकूर बांधवही आपल्याच तालुक्यांत आहेत.

सर्वांत कठीण प्रश्न कागदी पुड्यांचा. गावोगाव फिरणारे विक्रेते 'शंभर टक्के आयुर्वेदिक' म्हणून सांधेदुखीच्या पुड्या देतात. दोन दिवसांत जादू होते. सहा महिन्यांनी रुग्ण वाटोळा चेहरा, वाढलेली साखर आणि हातावर निळे डाग घेऊन येतो. त्या पुडीत स्टिरॉइड असते. हे आपल्या नावाने विकले जाते आणि त्याचा बट्टा आपल्या शास्त्राला लागतो. परवाना क्रमांक, घटकद्रव्ये व बॅच क्रमांक नसलेले कोणतेही औषध दुकानात ठेवू नये. पण अशी पुडी घेणारा रुग्ण आल्यास ती रागाने फेकून देऊ नये. दीर्घकाळ घेतलेले स्टिरॉइड एकदम थांबले तर रुग्ण कोसळू शकतो. पुडीसह त्याला काय-चिकित्सकाकडे पाठवून मात्रा हळूहळू उतरवावी लागते.

ते निवृत्त गृहस्थ अजून आमच्याकडे येतात. अलोप्युरिनॉल ५० मिलिग्रॅमपासून पुन्हा सुरू झाले, मूत्रपिंडाच्या तज्ज्ञांच्या देखरेखीखाली हळूहळू वाढत गेले. वर्षातून दोनदा ते आमच्याकडे बस्ती घेतात. पहिल्या चार महिन्यांत दोन वेग आले, नंतर आले नाहीत. कोपरावरची गाठ आता चाचपून शोधावी लागते. शाळेच्या वहीत ते स्वतः तारखेसह आकडे लिहितात. गेल्या माघात ते नातवंडांबरोबर पोपटीला गेले होते. वालाच्या शेंगा आणि एक अंडे खाल्ले, बिअर घेतली नाही, असे त्यांनी न विचारता सांगितले. वहीतील शेवटचा आकडा ५.४ आहे. पुढची तपासणी ज्येष्ठात.